शंभरपैकी एक्याऐंशी

मी चार पानांची एक प्रश्नावली बोलतेय. आधीच सांगून ठेवते, माझ्यावर जे लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नका. कागद खोटं बोलत नाही म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना कागदांचा अनुभव कमी.

माझा जन्म छापखान्यातला. एका सकाळी आम्ही दोन हजार जणी जन्मलो, सगळ्यांचा चेहरामोहरा एकच. पहिल्या पानावर घरात माणसं किती, कमावतं कोण, अशा चौकशा. पुढची तीन पानं म्हणजे तीन दिवस. प्रत्येक पानावर तीन रकाने: वेळ, पदार्थ, किती. आणि डोक्यावर ठळक सूचना: 'बाईंनी स्वतः खाल्लेलं स्वतः लिहावं. पेन्सिलीने लिहावं. चूक झाल्यास स्वच्छ खोडावं.' या शेवटच्या वाक्याचा मला तेव्हा केवढा अभिमान होता. आपण किती समजूतदार, माणसाला चूक सुधारायची मुभा देतो. आज तेच वाक्य कपाळावर घेऊन बसलेय आणि तोंड लपवायला जागा नाही.

आम्हाला कशासाठी छापलं ते आरोग्य कार्यालयात गेल्यावर कळलं. तिथल्या मोठ्या सरांनी पाहणीच्या बायकांना गोळा करून समजावलं. बायका आज काय खातात ते लिहून घ्यायचं, आणि पुढची तीस वर्षं त्यांच्या दवाखान्याचा खर्च त्याच्या शेजारी मांडत जायचा. ताटाचा आणि बिलाचा काय संबंध आहे तो दिसेल. प्रत्येकीच्या खाण्याला शंभरपैकी गुण द्यायचे. पन्नासच्या खाली गुण आले तर त्या बाईला लगेच बोलवायचं, रक्त तपासायचं, गोळ्या द्यायच्या, सहा महिने आहाराचं मार्गदर्शन करायचं, सगळं फुकट. म्हणजे शाळेच्या उलट, इथे नापास होण्यात फायदा होता.

ही गोष्ट घराघरांतल्या बायकांना मात्र सांगायची नाही, असं सरांनी बजावलं. सांगितलं तर सगळ्या मुद्दाम कमी लिहितील. आपलं हलाखीचं चित्र बायका स्वतःहून रंगवतील, असं ज्याला वाटतं तो माणूस कधी कोणाच्या स्वयंपाकघरात पाच मिनिटंही थांबलेला नसणार. पण मी तेव्हा कोरी होते. मान डोलावली.

माझ्या वाट्याला आलेलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली शिलाई मशीन. घरातली सून शर्टांच्या कॉलरी शिवायची. सकाळी कापलेल्या कॉलरींचा गठ्ठा यायचा, संध्याकाळी शिवून परत जायचा. मी तिला शिवणवाली म्हणते. वय एकतीस. घरात तिचा बस चालवणारा नवरा, सासू आणि सात वर्षांची मुलगी. पाहणीवाली बाई मला आणि एक पेन्सिल तिच्या हातात देऊन म्हणाली, जे खाल ते लिहा, तीन दिवसांनी न्यायला येते. शिवणवालीने मला स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्याला टेकवून उभं केलं. तिथून सगळं दिसायचं.

सगळं म्हणजे काय, ते सांगते. घरात रोज चार अंडी यायची, कारण माणसं चार. हिशोब चोख. नवरा गाडी चालवतो म्हणून त्याला दोन, सासूचं वय झालं म्हणून तिला एक, मुलगी वाढीची म्हणून तिला एक. झाली चार. दूध उतू गेलं की शिवणवाली धावत यायची, पुसायची, आणि तेवढाच तिचा दुधाशी संबंध. भाजी ती शिजवायची, चव बघायची तळहातावर चमच्याचं टोक टेकवून. सगळ्यांना गरम वाढायची. मग मशीनवर जायची, कारण गठ्ठा संध्याकाळी न्यायला माणूस यायचा. साडेतीनला परत आत. ओट्याशी उभी राहून, पातेलं एका हाताने तिरपं धरून, खरवडून खायची. ताट घ्यायची नाही. ताट घेतलं की घासावं लागतं.

पहिल्या दिवशी तिने पेन्सिलीला टोक काढलं आणि माझ्यावर लिहिलं. शिवणकामाची बाई, अक्षर टाक्यांसारखं सरळ, आणि हात जड. पेन्सिल इतकी दाबून लिहायची की मागच्या पानावर उमटावं.

'सकाळी साडेसहा: चहा, एक कप, साखर तीन चमचे. अकरा: चहा, पाव दोन तुकडे. दुपारी साडेतीन: भात तळाचा, डाळीचं पाणी, मुलीने टाकलेलं अर्धं अंडं. सहा: चहा. रात्री: पाव, उरलेली भाजी थोडी.'

'तळाचा' या शब्दाआधी ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलाच, जरा बारीक. दुसऱ्या दिवशी जवळपास तेच, फक्त अंड्याच्या जागी 'आज पोरीने काही टाकलं नाही.' मला वाटलं, किती खरं सांगते ही. इतकं खरं ती नवऱ्याशीही बोलली नसेल. मी तर हवेत होते. गुण कमी येणार, हिला बोलावणं येणार, हिच्या दंडातून एक छोटी बाटली रक्त काढणार आणि मग सगळं मार्गाला लागणार. तिच्या पापण्या आतून पांढऱ्या होत्या. जिन्यावरून पाण्याची बादली आणली की भिंतीला धरून उभी राहायची. मला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूने मला फळीवरून काढलं, चष्मा लावला आणि वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोट फिरवत.

"हे काय लिहून ठेवलंस?"

"खाल्लं ते."

"तळाचा भात. डाळीचं पाणी. अगं, बाहेरची बाई वाचणार हे. या घरात सुनेला उपाशी मारतात म्हणेल."

"त्यांनी खरं लिहा म्हणून सांगितलंय, आई."

"मग मी खोटं लिही म्हणतेय का? घरात अंडी येतात की नाही? दूध येतं? भाजी शिजते? तूच शिजवतेस ना? शिजतं ते लिही. त्यात खोटं काय?"

याला खरं तर फार सोपं उत्तर होतं, पण मोठ्यांपुढे सोपी उत्तरंच जिभेवर येत नाहीत. सासू वाईट बाई होती असं समजू नका. भांडखोरही नव्हती. घराची अब्रू हातातून सांडेल या भीतीने ती चार बोटांनी तिला धरून बसली होती, एवढंच. आणि आमच्या वेळी तर तळाचाही नसायचा, हे तिने जाता जाता सांगितलंच. हे सांगताना तिच्या आवाजात जरा तोरा होता. उपाशी राहिल्याचाही तोरा असतो हे मी त्या दिवशी शिकले.

मुलीच्या दप्तरातून खोडरबर आला. मुलीने विचारलं, काय चुकलं? शिवणवाली म्हणाली, काही नाही, तू अभ्यास कर.

मग तिने मला खोडलं. दोन्ही दिवस, ओळ ओळ, भुकटी फुंकून उडवत. कागदाला ओरडता येत नाही, ही सबब मी स्वतःला बरीच वर्षं दिली. पण कागदाला फाटता येतं. इतकं घासल्यावर एखादी हलकी प्रश्नावली तिथेच फाटली असती, पाहणीवालीला नवी द्यावी लागली असती, चार प्रश्न विचारावे लागले असते. मी चांगल्या जाड कागदाची. टिकले. टिकण्याची मला लाज वाटते.

पुढचं अक्षर तिचं आणि मजकूर सासूचा. अंडं एक. दूध एक ग्लास. हिरवी भाजी एक वाटी. डाळ घट्ट. तिसऱ्या दिवशी सासूने फळही घातलं. आठवड्यातून एकदा येतंच की, त्यात काय.

पाहणीवाली आली तेव्हा तिचे पाय बुटांनी सोलवटले होते आणि अजून सहा घरं राहिली होती. नियम असा होता की बाईला एकटीला बसवून एकेक ओळ विचारायची. सासू समोरच बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून. पाहणीवालीने मला उलटंपालटं केलं, खोडल्याच्या खुणांवर अंगठा फिरवला. तिला कळलं. शपथेवर सांगते, तिला कळलं.

"खोडलंय वाटतं?"

"पोरीने गिरगटलं होतं," सासू म्हणाली.

पाहणीवालीने शिवणवालीकडे पाहिलं. शिवणवालीने कॉलर उचलली आणि दोरा तोडला. पाहणीवालीने मला पिशवीत टाकलं. त्या पिशवीत सकाळपासून एक बिस्किटाचा पुडा होता, न फोडलेला. म्हणजे तिच्याही पोटात चहाच.

कार्यालयात माझी बेरीज झाली. शंभरपैकी एक्याऐंशी. 'बोलावण्याची गरज नाही' असा ठसा बसला.

आता जी गोष्ट सांगते ती सांगायला मला सगळ्यात जड जातं. मला आनंद झाला. गठ्ठ्यात माझ्या खाली एक अडतीसवाली होती. तिची बाई एका हॉटेलात भांडी घासायची, तिने सगळं धडधडीत लिहिलेलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मी तिला हसले. शेजारच्या ब्याण्णववालीबरोबर मी गुणांच्या गप्पा मारल्या. अडतीसवालीच्या बाईला बोलावणं गेलं. माझ्या बाईला नाही गेलं.

मग खोका. बरीच वर्षं.

दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी खोका उघडायचं आणि आमच्या पाठीला दवाखान्याच्या खर्चाचे कागद टाचायचं. पहिला कागद आला तेव्हा शिवणवाली अडतीस वर्षांची होती. पाळी थांबेना, घेरी येऊन मशीनवर पडली, रक्ताच्या चार बाटल्या चढवल्या. मग गर्भाशयाची शस्त्रक्रिया. मग साखर, आणि साखरेच्या गोळ्या कायमच्या. मग पाठीचा मणका. मग घरातल्या घरात उठताना खुबा मोडला. मग दुसऱ्या बाजूचा. माझी चार पानं आणि माझ्या पाठीला एकतीस. टाचणी आरपार जाईना, दोऱ्याने बांधलं मला. अडतीसवालीच्या पाठीला दोनच कागद होते, त्यातला एक चष्म्याचा. ती माझ्याशी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तीस वर्षं पुरी झाली तेव्हा आम्हाला बाहेर काढलं ते एका नव्या संशोधक मुलीने. कार्यालयात तिला सगळे चटका म्हणायचे, कारण तिच्याशी बोलणाऱ्याला तो बसायचाच. मोठे सर तोवर निवृत्त होऊन सल्लागार म्हणून परत आले होते. बोलावून उपचार केलेल्या वेगळ्या ठेवून पडद्यावर आम्हा बाकी सगळ्यांचे ठिपके मांडले. ज्यांचं खाणं चांगलं त्यांचा खर्च कमी, ज्यांचं वाईट त्यांचा जास्त, अशी उतरती छान रेघ. फक्त त्रेचाळीस ठिपके भलतीकडे. गुण भरपूर आणि खर्चही आभाळाला भिडलेला. त्यात मी होते, सगळ्यात वर.

सर म्हणाले, काढून टाक त्या, प्रत्येक अभ्यासात चार-दोन आडमुठ्या निघतातच.

"त्रेचाळीस बायका एकदम आडमुठ्या, सर?"

"आम्ही तीस वर्षं हेच काम करतोय, मुली."

"तेच म्हणतेय मी."

सरांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. शुक्रवारी निष्कर्ष पक्के होणार आणि नव्या पाहणीसाठी नव्या प्रश्नावल्या छापायला जाणार. हुबेहूब माझ्यासारख्या. बायका बदलणार, रकाने तेच.

चटकाने आम्हा त्रेचाळीस जणींना खिडकीजवळच्या टेबलावर पसरलं. मला उचलून तिने उजेडात तिरपं धरलं आणि थांबली. शिवणवालीचा हात जड होता ना, अक्षर गेलं होतं पण दाबाच्या पन्हळी राहिल्या होत्या. चटकाने मोबाइलचा दिवा आडवा धरून एकेक शब्द वाचला. 'तळाचा'पाशी तिने एक शिवी घातली. कोणाला, ते स्पष्ट नव्हतं. मग त्रेचाळीसच्या त्रेचाळीस तपासल्या. एकोणतीस जणींच्या अंगावर खोडल्याच्या खुणा होत्या.

खोडलेली ओळ धरायची तर त्या बाईची संमती हवी. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या घरी गेले.

घर आता तळमजल्यावर होतं, कारण शिवणवालीचं जिना चढणं बंद झालं होतं. खोली एकच. पलंगाला टेकून चालायची चौकट, फळीवर औषधांचे डबे वारांप्रमाणे. शिवणवाली उशीला टेकून बसली होती, वाळून एवढीशी. नवरा आणि सासू दोघंही गेले होते. मुलगी औषधांच्या दुकानात काम करायची, आईसाठी आठवड्यातून दोन दिवस अर्धी रजा घ्यायची. चटका बसायला जागा शोधायला लागली तशी मुलगी हसून म्हणाली, दुसरी खोली घेणार होतो, पण ती आईच्या खुब्यात बसवली. आई हसली नाही.

चटकाने चहाही येऊ दिला नाही. मला उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. तळाचा भात. डाळीचं पाणी. शिवणवाली हळू म्हणाली, वाचू नकोस. चटका वाचत राहिली. तिला वाटत होतं ती न्याय करतेय. तरुण माणसांची ही खोड मला आवडते, पण त्या क्षणी मला तिची आणि माझी दोघींची शरम वाटली. पोटच्या मुलीसमोर त्या बाईची तीस वर्षं जुनी भूक आम्ही सोलून ठेवत होतो.

"सासूने खोडायला लावलं ना?" चटकाने विचारलं.

"गेलेल्या माणसाचं नाव घेऊ नकोस. ती सून असताना काय खायची, ते कोणी विचारायलाही आलं नव्हतं."

बोलली ती मुलगी.

"अर्धं अंडं मी मुद्दाम टाकायचे, आई."

"तू पोट भरलं म्हणायचीस."

"नाहीतर तू खाल्लं असतंस का? आजी मला माजोरी म्हणायची, अन्न टाकते म्हणून. एकदा फटकाही दिला. त्या दिवशी नाही टाकलं."

शिवणवालीने पदर तोंडावर घेतला. रडली नाही. पदराआडूनच म्हणाली, "सात वर्षांची होतीस गं. तुला कळत होतं." आणि नंतर, "मी काय उदाहरण घालून दिलं तुला." पलंगाच्या कडेला बसून मुलीने आईच्या पायावरची चादर सारखी केली, सारखीच होती तरी.

चटकाने कागद पुढे करायचं धाडस केलं नाही. मला बंद करून ती उठायलाच लागली होती. शिवणवालीनेच हात पुढे केला.

"सही कुठे करायची? पण एक लिहायचं. सासूने उपाशी ठेवलं असं लिहायचं नाही. मला ताटावरून कधी कोणी उठवलं नाही. मी बसलेच नाही. मला कोणी बस म्हटलं नाही, आणि मला स्वतःला बसावंसं सुचलं नाही. हे लिही."

चटकाने माझी चारही पानं चाळली. वेळ, पदार्थ, किती. का, यासाठी माझ्यावर जागाच नव्हती. दोन हजार जणींपैकी एकीवरही नव्हती. शेवटी तिने समासात बारीक अक्षरांत ते लिहिलं आणि शिवणवालीने त्याखाली सही केली.

शुक्रवारी माझी पुन्हा बेरीज झाली. तेहतीस. आणखी सतरा घरांतून संमत्या आल्या. बाकीच्यांनी दार लावून घेतलं, काही बायका आता नाहीत. रेघ पूर्वीपेक्षा जास्त उतरती झाली, म्हणजे जे सर सांगत होते ते खरंच होतं, आणि त्यांना वाटलं त्याहून जास्त खरं. बाईच्या आजच्या ताटात जे कमी पडतं ते उद्याच्या बिलात चढतं. सरांनी रेघेचं कौतुक केलं. नव्या प्रश्नावलीत 'तुम्ही किती वाजता, कोणाबरोबर, बसून जेवलात का' हा प्रश्न घालायचा की नाही, हे अजून समितीपुढे आहे. जागा पुरत नाही म्हणतात. चटका रोज जाऊन भांडते.

मी सध्या तिच्या टेबलावर उघडी पडून असते. माझा कागद पिवळा झालाय, दोऱ्याने कडा कापल्यात. तेहतीस गुणांत आता मान वर करता येते, पण तेवढीच. ज्या वर्षी हे तेहतीस उपयोगाला आले असते त्या वर्षी मी एक्याऐंशी मिरवत होते, आणि तिचं रक्त कोणी तपासलं नाही. त्याची माफी मागायला माझ्यावर रकाना नाही. म्हणून तोंडाने बोलले.

माझी एखादी नवी बहीण तुमच्या घरी येईलही. तिची वाट बघत बसू नका. आता मला खाली ठेवा, आत जा, आणि घरात अजून जेवायची कोण राहिलीय ते बघा.